बोटीचा बसलेला आवाज: गोसीखुर्दच्या पाण्यावरच्या कामाच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२५

हिवाळाभर मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांना साउंड लावतो. भाऊबीज झाली की रात्री मांडवातच जातात, म्हणून बाहेरची कामं पावसाळ्याच्या शेवटी उरकून घेतो. या वर्षी गावातल्या मामाजींनी बोटीचं काम दिलं. "इंजन चालू केलं का आवाज मरते. अन् नाही मरत तं किर्र करते. एकडाव पाहून दे बाबू."

बोट गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यावर चालते. रोज इकडची माणसं तिकडे नेते, सुट्टीच्या दिवशी फिरायला आलेल्यांना घेते. लोखंडी पत्र्याची, २६ फूट लांब, वर पाइपच्या सांगाड्यावर छत. डिझेल इंजिन मागे, त्याला लागूनच १२ व्होल्टची १०० एएचची बॅटरी. गाडीतला साधा डेक पुढे स्टिअरिंगजवळ, त्याच्या खाली फळीवर चार चॅनलचा ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर. सहा इंची चार स्पीकर, दोन पुढे, दोन मागे. घोषणेसाठी माइक आणि छोटा मिक्सर, तो डेकच्या ऑक्समध्ये (बाहेरचा आवाज घ्यायचं भोक).

गाणी वाजली नाही तरी चालेल, पण माइक चाललाच पाहिजे, असं मामाजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं. लाइफ जॅकेट कसं बांधायचं हे ते माइकवर सांगतात. दुसरं कारण मला जास्त लागलं. धरणाची कोनशिला १९८८ साली बसली आणि पुढे पाणी चढत गेलं तसं त्यांचं जुनं गाव खाली गेलं. बोट त्या जागेवर आली की ते इंजिन बंद करतात आणि माइकवर सांगतात, इथं शाळा होती, इथं मारुतीचं देऊळ, इथं आमची विहीर. मे महिन्यात असंच बोलता बोलता बॅटरी बसली आणि बोट वल्ह्यांनी काठाला आणावी लागली.

आज नुसत्या तक्रारी लिहून घेतल्या. आवाज वाढवला की ॲम्प बंद पडून पुन्हा चालू होतो. इंजिनच्या वेगाबरोबर किर्र आवाज चढतो-उतरतो. मागचा डावा स्पीकर मनाला येईल तेव्हा वाजतो. माइक फक्त डाव्या बाजूनं येतो, आणि मोठा केला की शिट्टी मारतो.

१० सप्टेंबर

पहिली चूक. ॲम्प बंद पडतो म्हणजे ॲम्पच गेला असं धरून तो काढला आणि भंडाऱ्याला दुरुस्तीला नेला. तिथं दोन तास टेबलावर पूर्ण आवाजात वाजवून दाखवला, काहीच झालं नाही. तपासणीचे ४०० रुपये आणि एक दिवस गेला. नाटकाच्या मांडवात ॲम्प बंद पडला तर मी आधी सप्लाय पाहतो. इथं १२ व्होल्टची वायर म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मीटर खिशात होता.

१३ सप्टेंबर

आज मीटर लावला. इंजिन बंद, गाणं जोरात. बॅटरीच्या खांबांवर १२.३ व्होल्ट, ॲम्पच्या स्क्रूंवर ९.२. इतक्या कमी व्होल्टेजवर ॲम्प स्वतःला वाचवायला बंद होतो. त्याचा दोष नव्हता.

तीन व्होल्ट वाटेत कुठं गेले ते शोधायची रीत लिहून ठेवतो, कारण यानं निम्मं काम सोपं होतं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, गाणं जोरात चालू असू द्या. मीटरची एक काडी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी ॲम्पच्या प्लसवर. मीटर जे दाखवेल ते त्या वायरीनं खाल्लेलं व्होल्टेज. मग तसंच निगेटिव्ह ते निगेटिव्ह. काडी लांब पोचत नाही म्हणून मी साध्या वायरचा तुकडा जोडून घेतला. माझे आकडे: प्लसच्या बाजूला १.२ व्होल्ट, निगेटिव्हच्या बाजूला १.९.

प्लसचा हिशोब लगेच जुळला. कोणीतरी घरातल्या फिटिंगची दीड चौरस मिलिमीटरची वायर सात मीटर ओढली होती. त्या वायरीला मीटरमागे साधारण १२ मिलिओहम रोध असतो, म्हणजे सात मीटरला ८५ च्या आसपास. ओळखीच्या एकाकडून डीसीचा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) आणला, तो १४ अँपिअर दाखवत होता. गुणाकार केला की १.२ व्होल्ट येतात.

निगेटिव्हची तर वायरच नव्हती. ट्रॅक्टरला करतात तसं ॲम्पचा निगेटिव्ह जवळच्या अँगलला स्क्रूनं कसला होता आणि मागे बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनच्या बुडाला. मधलं अंतर करंट बोटीच्या पत्र्यातून कापत होता. स्क्रू काढला तर खाली रंग, रंगाखाली गंज, आणि हात लावताच पापुद्रे निघाले. डेकचा निगेटिव्ह दुसऱ्या अँगलला, मिक्सरचा तिसऱ्याला. ट्रॅक्टर उन्हात उभा असतो आणि त्याची बॉडी जाड असते. बोटीच्या तळाशी कायम वीतभर ओल असते. शिवाय पत्र्यातून असा करंट फिरवला तर पत्राही खराब होतो. मामाजींना स्क्रूखालचं भोक दाखवलं तेव्हा ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

आणखी एक गोष्ट दिसली आणि तिनं खरंच भीती वाटली. फ्यूज ॲम्पजवळ होता. म्हणजे बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची सात मीटर वायर फ्यूजच्या संरक्षणाविना, डिझेलच्या टाकीशेजारून, लोखंडी कडांवरून. कुठं साल घासून पत्र्याला टेकली असती तर ती वायर लाल होऊन जळली असती आणि फ्यूज शाबूत राहिला असता. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा. घरी निघण्याआधी ती वायर बॅटरीवरून काढून टाकली.

१६ सप्टेंबर

दुसरी चूक, महागाची. पवनीत जाड वायर मिळाली नाही म्हणून कार डेकोरवाल्याकडून "ॲम्प किट" घेतलं, ७५० रुपये. जाड लाल वायर, जाड काळी वायर, फ्यूजसकट. सकाळभर बसून दोन्ही पाइपातून ओढल्या. दुपारी टोक सोलून लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी) लावताना तार चाकूनं खरवडली, तर आत पांढरी. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. आणि जाडीसुद्धा सगळी प्लास्टिकची.

अशी वायर तांब्याच्या मानानं दीडपटीहून जास्त रोध देते. तेही एकवेळ जाड घेऊन निभावता येईल, पण ओलाव्यात तिचं टोक पांढरी भुकटी होऊन बसतं आणि पितळी स्क्रूखाली सैल पडतं. पाण्यावर ती नकोच. दुकानातच एक तार चाकूनं खरवडून पाहा. आतून लाल निघाली तर घ्या. (कथील चढवलेली चांगली तांब्याची तारही वरून पांढरी दिसते, पण ती आतून लाल असते.) दोन्ही वायरी परत ओढून काढल्या. अख्खा दिवस गेला.

१९ सप्टेंबर

पाऊस, आणि नदीला ओढ. बोट काठाला बांधलेली. मागचे दोन्ही स्पीकर काढून घरी आणले.

डावा उघडला तर पाठीमागे कुंभारमाशीचं मातीचं घर, मुठीएवढं. कोनच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या पडद्याच्या, मागच्या बाजूला चिकटलेलं, त्यामुळे कोन एका बाजूनं अडत होता. कोन कागदाचा, ओलीनं फुगून कडेला मऊ पडलेला. टर्मिनलवर हिरवा थर. मीटरनं मोजला तर कधी ३.४ ओहम, कधी काहीच नाही. आतली बारीक तार तुटून नुसती टेकली होती. चार ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवतो, तेवढं ठीक असतं. दाखवतो आणि मधेच सोडतो, तो गेला समजा.

उजवा चालू होता, पण त्याचाही कोन कागदाचाच. जोडीनं बदलायचे ठरवले. प्लास्टिकच्या म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या कोनचे दोन, १,७०० रुपये. मागच्या बाजूला मच्छरदाणीचं कापड ताणून बांधलं, म्हणजे माशी शिरणार नाही आणि हवाही अडणार नाही.

२३ सप्टेंबर

काल घटस्थापना झाली, आज नागपूरहून तांब्याची वायर आणली. १० चौरस मिलिमीटरची, लवचीक, १५ मीटर. प्लसला साडेसात, निगेटिव्हला साडेसात. निगेटिव्ह आता थेट बॅटरीच्या खांबावर जातो, पत्र्याशी त्याचा संबंध नाही.

पुढच्या बाजूला सगळे निगेटिव्ह एकत्र आणायला पट्टी हवी होती. बोटीच्या सामानाचं दुकान आपल्याकडे नाही. घरच्या मीटर बोर्डात असते ती पितळेची न्यूट्रल लिंक घेतली, ९० रुपये. लाकडाच्या फळीवर बसवली. ॲम्प, डेक, मिक्सर, मोबाइलचा चार्जर, सगळ्यांची काळी म्हणजे निगेटिव्ह वायर तिच्यावर, आणि तिथून एकच जाड वायर मागे.

लग दाबूनच बसवले, डाग (सोल्डर) दिला नाही. मी रोज डाग देणारा माणूस आहे, त्यामुळे हात शिवशिवत होते. पण इंजिनच्या थरथरीनं तार नेमकी डाग संपतो तिथं मोडते. मागच्या स्पीकरची तारही तशीच मोडली होती. लगवर हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी), बॅटरीच्या खांबांवर पेट्रोलियम जेली. स्पीकरला जाणाऱ्या प्रत्येक वायरीला जोडाआधी खाली झोळ ठेवला, म्हणजे छतावरून ओघळणारं पाणी झोळातून गळून जाईल, जोडात शिरणार नाही.

शेवटी पाना निसटून बॅटरीच्या प्लसला आणि पत्र्याला एकदम लागला. मोठी ठिणगी उडाली आणि पान्याला खाच पडली. बॅटरीवर काम करताना निगेटिव्ह आधी सोडायचा आणि सगळ्यात शेवटी जोडायचा, हे मी मामाजींच्या नातवाला सकाळीच शिकवलं होतं. घाईत मीच विसरलो. हाताला काही झालं नाही, पण त्यानंतर अर्धा तास काम थांबवलं.

मोजणी: जोरात गाणं, बॅटरीवर १२.३, ॲम्पवर ११.९. ॲम्प एकदाही बंद पडला नाही.

२६ सप्टेंबर

किर्र आवाज कमी झाला, गेला नाही. आज फक्त त्याच्यामागे.

डेकचा आवाज शून्यावर केला तरी किर्र तेवढीच. म्हणजे ती डेकच्या आवाजाच्या बटणानंतर कुठंतरी शिरते. ॲम्पमधून आरसीएच्या (डेकचा आवाज ॲम्पला नेणाऱ्या वायरीच्या) पिना उपसल्या, एकदम शांत. म्हणजे ती सप्लायनं येत नाही, आरसीएच्या वाटेनं येते. एवढं कळायला दोन मिनिटं लागली. त्यानंतर मी चुकीच्या रस्त्यानं तीन तास घालवले.

नागपूरहून येताना ३०० रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर (डेक आणि ॲम्पमधला निगेटिव्हचा जोड तोडून नुसता आवाज पुढे देणारी डबी) आणला होता, तो मधे लावला. किर्र बंद झाली आणि मी खूश झालो. मग ढोलकीचं गाणं लावलं तर ढोलकीचा धुमाच नाही, नुसती चाट वाजते. स्वस्त आयसोलेटरमधला इवलासा ट्रान्सफॉर्मर खालचे सूर पुढे सोडत नाही. काढला. रोग झाकून ठेवणारी वस्तू पहिल्यांदा लावू नका, मग मूळ दोष सापडत नाही.

मूळ दोष दोन निघाले. डेक आणि ॲम्पमध्ये हातभर अंतर, पण आरसीए वायर पाच मीटरची. उरलेली गुंडाळून पॉवरच्या वायरीलाच चिकटपट्टीनं बांधलेली. ती काढून एक मीटरची चांगली जाळीवाली लावली, १२० रुपये, आणि पॉवर डाव्या अंगानं, आरसीए उजव्या अंगानं नेली. किर्र निम्म्याहून कमी.

उरलेली नातवानं शोधली. "काका, माझा मोबाइल चार्जिंगले लावला का जास्त येते." चार्जर काढला, गेली. लावला, आली. मोबाइल ऑक्सच्या वायरीनं डेकला जोडलेला आणि त्याच वेळी चार्जरवर, म्हणजे त्याचा निगेटिव्ह दोन वाटांनी डेकपर्यंत येतो. त्या दोन वाटांतल्या फरकाचा आवाज स्पीकरमध्ये ऐकू येतो. उपाय फुकटचा: गाणी ब्लूटूथवर. मोबाइल मग खुशाल चार्जिंगला राहू द्या.

ॲम्पचे गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारी बटणं) पूर्ण पिळलेले होते, तेही आज उतरवले. डेक पाऊण आवाजावर ठेवायचा, गेन हळूहळू वाढवत न्यायचा, आवाज फाटायला लागला की थोडा मागे आणायचा. यानं मागची सूं सूं पण बसली.

२९ सप्टेंबर

चारही स्पीकर वाजतात, पण बोटीच्या मधल्या बाकावर बसलं की आवाज पोकळ. पुढे गेलं की ठीक, मागे गेलं की ठीक. तास-दीड तास डेकच्या सेटिंग चाळत बसलो.

दोष माझ्या हातचा होता. नवे मागचे स्पीकर जोडताना एकाचं प्लस-मायनस उलटं झालं. एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि मधे दोघं एकमेकांचा खालचा सूर खातात. तपासायला पेन्सिल सेल पुरतो. ॲम्पकडून वायर सोडवायची, दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसवर असेल तर कोन बाहेर उडी मारतो. डेकच्या स्वतःच्या वायरींवर काळी रेघ असलेली ती मायनस, पण पुढे जोडलेल्या वायरींचे रंग पूर्वीच्या माणसानं हाताला येईल तसे लावले होते. आता प्रत्येक टोकाला चिकटपट्टीवर नाव लिहिलं.

३ ऑक्टोबर

माइकचा दिवस, आणि मला सगळ्यात जास्त समाधान देणारा.

माइक एकाच बाजूनं येण्याचं कारण साधं: मिक्सरमधून मोनो पिन निघते आणि ऑक्सचं भोक स्टिरिओ. उजव्या बाजूला काही पोचतच नव्हतं. मोनोचं दोन्हीकडे वाटणारा जोड आणि नवी माइक वायर, मिळून २५० रुपये.

शिट्टीचं कारण पुढचे स्पीकर. ते स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना, थेट माइककडे तोंड करून. मामाजी बसतात त्याच्या मागे सरकवून त्यांची तोंडं बाकांकडे केली. आवाजाच्या सेटिंगमध्ये बेस कापला. इंजिनची घरघर खालच्या सुरात असते. बोलणं त्याच सुरात जाड केलं तर त्यात बुडतं. मधला सूर थोडा वर केला की शब्द सुटे ऐकू येतात. मांडवात हेच करतो, फरक इतकाच की तिथं इंजिनऐवजी जनरेटर असतो.

बॅटरीचंही निस्तरलं. डेकची पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून थेट बॅटरीला दिली होती, त्यामुळे डेक कधीही चालू राहायचा आणि त्याच्या निळ्या वायरीवर ॲम्पही. पिवळी बॅटरीवर ठेवली, लाल इंजिनच्या चावीवर नेली. चावी काढली की सगळं बंद. माझं म्हणणं होतं की इंजिन चालू असल्याशिवाय आवाजच येऊ नये. मामाजी नाही म्हणाले. "गावावर आलो का मी इंजन बंद करतो. त्या घरघरीत नाही सांगत मी." त्यांचं बरोबर होतं. चावीच्या पहिल्या टप्प्यावर डेक चालतो, इंजिन बंद राहतं. नुसत्या बोलण्याला क्लॅम्प मीटर दोन अँपिअरसुद्धा दाखवत नाही, बॅटरी त्यानं बसणार नाही. मे महिन्यात ती बसली कारण आधी तासन् तास काठाला उभं राहून गाणी वाजली होती.

५ ऑक्टोबर

रविवार, पहिली पूर्ण फेरी. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट. इंजिन पूर्ण वेगात असताना मी मागच्या बाकावर कान देऊन बसलो. किर्र नाही. बॅटरीवर १४.१, ॲम्पवर १३.७.

जुन्या गावाच्या जागेवर मामाजींनी चावी मागे घेतली. पाण्याचा चपचप आवाज तेवढा राहिला. त्यांनी माइक तोंडाशी धरला आणि नेहमीसारखं सुरू केलं, ही शाळा, तिच्या मागे चावडी. माझ्या शेजारी बसलेली एक म्हातारी एकदम उठून उभी राहिली. "नाही जी, चावडी पयले. शाळा मंग, चिचेपाशी." मामाजी थांबले. मग म्हणाले, "हौ, बरोबर हाय. चावडी पयले." पुढचं सगळं त्या दोघांनी मिळून सांगितलं, त्यांनी माइकवर आणि तिनं मागून.

१८ ऑक्टोबर

खर्च, जसा झाला तसा, रुपयांत: ॲम्प तपासणी ४००, फसलेलं किट ७५०, तांब्याची वायर १,९५०, फ्यूज होल्डर आणि ३० अँपिअरचे फ्यूज १८०, लग आणि हीट श्रिंक २२०, न्यूट्रल लिंक ९०, आयसोलेटर ३००, आरसीए १२०, स्पीकर १,७००, माइकचा जोड आणि वायर २५०, एसटीचं भाडं ३६०. एकूण ६,३२०. यातले १,४५० माझ्या चुकांचे, ते मी मामाजींकडून घेतले नाहीत. कामाचे दिवस नऊ, त्यातले अडीच वाया.

दोन आठवडे बोट रोज चालली. एकदाच फ्यूज होल्डर गरम लागला, स्क्रू अर्धा वळसा सैल होता. कसला. तांब्याची नवी वायर स्क्रूखाली थोडी बसते, म्हणून पहिल्या पंधरवड्यानंतर सगळे स्क्रू एकदा फिरवून पाहावे लागतात.

राहिलेलं: वारा जोराचा असला की माइकमध्ये अजून फडफड येते. फोमची टोपी घातली, थोडा फरक पडला, पुरेसा नाही. जास्तीचे चार फ्यूज, एक पेन्सिल सेल आणि वायरींच्या नावांचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ॲम्पच्या फळीखाली चिकटवलाय. नातवाला मीटर धरता येतो. परवापासून मी वडशाला, नाटकांच्या तयारीला.